आठशे बारा वर्षांची राणी

ऑफिसात त्यांना पणजोबा म्हणत. वय अडतीस, डोक्यावर केस भरपूर, गुडघे शाबूत. पण त्या गेम बनवणाऱ्या कंपनीत एल्फ लोकांचे पणजे-खापरपणजे, त्यांच्या जाती आणि त्या जातींच्या नावांचे उगम त्यांनाच तेवढे ठाऊक. म्हणून हे टोपणनाव चिकटलं आणि मग निघालंच नाही.

एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, देखणे आणि कमालीचे दीर्घायुषी लोक. गेममध्ये ते झाडांवर राहतात, बाण मारतात आणि माणसांकडे थोड्या कौतुकानं आणि बऱ्याच कंटाळ्यानं पाहतात. अशांचा हिशेब ठेवायचा म्हणजे जन्माचं लचांड. माणूस सत्तर-ऐंशी वर्षांत आटोपतो. एल्फ आटोपतच नाही. त्याचं लग्न दोनशेव्या वर्षी, त्यातला रुसवा तीनशेपर्यंत, आणि भावाशी वाटणीवरून धरलेला अबोला चांगला चार शतकं. हे सगळं कुणीतरी लिहून ठेवावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे पणजोबा.

जंगलातल्या एल्फांची जात थेलार, डोंगरावरच्यांची औरीम. थेलार म्हणजे 'पानांआड बोलणारे' आणि औरीम म्हणजे 'शिखरावर थांबलेले', असा उगम गेममध्ये मोठ्या थाटात दिला होता. प्रत्यक्षात थेलार हा शब्द घरच्या पडद्याच्या कापडाला लावलेल्या चिठ्ठीवर होता. औरीम हा त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमधल्या पितळी पाटीवरची अक्षरं झिजून झिजून जी उरली होती त्यांतून आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा पणजोबांना वाचायला दुसरं काही नव्हतं. थेलारांना त्यांनी साडेसातशे वर्षांचं आयुष्य दिलं, तेही पुष्कळ विचार करून. औरीमांची पाळी आली ती सुट्टीच्या आदल्या दुपारी. घरी जायची घाई, म्हणून साडेसातशेची दुप्पट केली, वर शंभर टाकले आणि दिवा बंद केला. जगभरचे खेळाडू आता त्या सोळाशे वर्षांवर पैजा लावून भांडत होते.

पण पणजोबांचा खरा अभिमान वेगळाच होता: वयाचा भागाकार. एल्फचं वय घ्यायचं, त्याच्या जातीच्या आयुष्याशी ताडायचं आणि माणसात ते किती भरतं ते काढायचं. येईल त्या उत्तराइतक्या सुरकुत्या चित्रकारांनी द्यायच्या, आणि तेवढ्याच वयाचा आवाज ध्वनिमुद्रकानं शोधायचा. नियम पणजोबांनीच आणला होता आणि त्यात ते कुणाचं ऐकत नसत. एकदा एका चित्रकारानं तीनशे वर्षांच्या थेलार सरदाराला लोंबती हनुवटी काढली, तर त्यांनी चित्र परत पाठवलं. हा गृहस्थ माणसात बत्तिशीचा आहे, हनुवटी एकच ठेवावी, असा शेरा मारून. चित्रकार अजून त्यांना जिन्यात भेटला की हनुवटी वर करून दाखवतो.

या थेलारांवर एक म्हातारी राणी राज्य करत होती. पहिल्या गेममध्ये ती सातशे वर्षांची, म्हणजे आपल्याकडच्या पंच्याहत्तरीची होती. तिला आवाज होता पणजोबांच्या सासूबाईंचा.

हे कसं घडलं ते सांगायला हवं. सासूबाईंनी तीस वर्षं एका भल्यामोठ्या दुकानात ध्वनिक्षेपकावरून घोषणा केल्या होत्या. लाल टोपीतलं मूल सापडलं आहे, पालकांनी तळमजल्यावर यावं, वगैरे. सासरे गेले, नोकरी संपली, आणि त्या लेकीकडे राहायला आल्या. घर दोन खोल्यांचं. आतली खोली नवरा-बायकोची, बाहेरची सासूबाईंची. स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर आणि घराबाहेर पडायचा दरवाजा, सगळे रस्ते बाहेरच्या खोलीतून. पाणी प्यायला उठलं तरी सासूबाईंच्या पायांना वळसा घालून जावं लागे. त्या कुणाशी भांडत नसत. त्यांची सवयच मोडत नव्हती, एवढंच. "न्हाणीघरातला दिवा चालू आहे," असं त्या स्वच्छ, सावकाश, कुणाचंही नाव न घेता जाहीर करत. घरात तेव्हा दुसरा माणूस एकच असे.

एकदा पणजोबा किल्ल्या विसरले आणि सासूबाई त्या द्यायला ऑफिसात आल्या. दारावरचा माणूस आत सोडेना, तेव्हा त्यांनी तिथूनच सांगितलं की किल्ल्यांच्या मालकानं खाली यावं. दुसऱ्या मजल्यावर कान लावून बसलेला ध्वनिमुद्रक हेडफोन गळ्यात घेऊन धावत आला. महिनाभर तो राणीसाठी आवाज शोधत होता. पणजोबांच्या अंगावरून मोरपीस फिरलं. आठवड्यातून दोनदा घर रिकामं मिळणार होतं.

आणि सासूबाई बदलल्या. त्या दोन दिवशी त्या ओठांना हलका रंग लावत, गरम पाण्याच्या गुळण्या करत आणि घरात फारसं बोलत नसत, कारण घसा राणीसाठी राखायचा असे. जिन्यात शेजारची मुलं त्यांना वाट सोडत. खालचा पाववाला त्यांच्याकडून 'ऐका, वनवासीहो' म्हणवून घेतल्याशिवाय पाव देत नसे. त्या आढेवेढे घेत आणि म्हणत. दुकानात तीस वर्षं बोलूनही त्यांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. इथेही दिसत नव्हताच, पण इथे लोक विचारत होते, की ही कोण?

सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग तिसरा भाग बाहेर पडला आणि एका रिकामटेकड्या खेळाडूनं बेरीज केली. दोन भागांत मिळून कथा एकशे बारा वर्षं पुढे सरकली होती. म्हणजे राणी आठशे बारा वर्षांची, आणि जातीचं आयुष्य साडेसातशे. बाईनं केव्हाच मरायला हवं होतं, ती राज्य कसली करतेय, असं त्यानं लिहिलं, आणि खाली हजारोंनी हसून घेतलं. कुणी राणीला चिरंजीव म्हटलं, कुणी म्हटलं, मेलीय पण तिला कुणी कळवलेलं नाही.

साहेबांनी पणजोबांना काचेच्या खोलीत बोलावलं. साहेब पणजोबांहून आठ वर्षांनी लहान. पेनाचं टोपण चावत बोलायची सवय. त्यांना रागावता येत नसे, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागत असे. ते म्हणाले, चूक तुमची आहे, तेव्हा मरणही तुम्हीच लिहा. पुढच्या भागाच्या सुरुवातीला राणी जाईल. अंत्ययात्रा वगैरे छान करू.

पणजोबांना अंत्ययात्रा दिसेना. त्यांना बाहेरची खोली दिसली, आठवड्याचे सातही दिवस भरलेली.

थेलारांचं आयुष्य वाढवावं, असं त्यांनी आधी सुचवलं. पण आयुष्य वाढवलं की भागाकार बदलतो, सगळ्या जातीची वयं खाली घसरतात, आणि दुसऱ्या भागात ज्या राजकन्येचं लग्न एवढ्या हौसेनं लावलं होतं ती मांडवात शाळकरी पोर ठरते. साहेबांनी टोपण तोंडातून काढलं आणि नको म्हटलं. मग पणजोबा तीन दिवस जुन्या नोंदी उपसत बसले. चौथ्या दिवशी त्यांना राणीच्या नावाचा उगम सापडला. 'बर्फासोबत खाली आलेली', असा त्यांनीच कधीतरी डबा खाता खाता लिहिलेला. त्या वेळी मनात एवढंच होतं की राणीच्या जन्माच्या दिवशी बर्फ पडत होतं. पण खाली आलेली म्हणजे वरून आलेली, आणि वर राहतात औरीम. राणी जन्मानं थेलार नाहीच! डोंगरावरचं तान्हं मूल, हिमकड्यासोबत खाली आलं, थेलारांनी सांभाळलं. आयुष्य सोळाशे. आठशे बारा म्हणजे काहीच नाही.

साहेब खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांपूर्वी हे पेरून ठेवलंत, पणजोबा, असं ते म्हणाले, आणि पणजोबांनी नम्रपणे मान खाली घातली. खेळाडूंना ते सांगितलं गेलं आणि तेही वेडे झाले. त्या रिकामटेकड्यानं जाहीर माफी मागितली. पणजोबांनी घरी जाताना सासूबाईंसाठी घशाच्या गोळ्या नेल्या, भारीतल्या.

दोन आठवड्यांनी चित्रकारांनी राणीचं नवं चित्र भिंतीवर लावलं. सरळ पाठ, काळे केस, डोळ्यांशी जेमतेम दोन रेघा. पणजोबांनी विचारलं, ही कोण? हनुवटीवाला चित्रकार फार गोड हसला आणि म्हणाला, "भागाकार करून बघा."

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या केला. सोळाशेला ऐंशी, तर आठशे बाराला किती. चाळीस आणि वर थोडं. राणी चाळिशीची होती. तिला चाळिशीचा आवाज हवा होता.

पणजोबा धावत साहेबांकडे गेले. डोंगरावरच्या थंडीनं औरीमांचा घसा लवकर बसतो असं लिहू का, असं विचारलं. साहेब हसले. मग कुणी काही मागेल ते लिहाल का, भागाकार कशाला आहे मग, असं त्यांनी विचारलं. हे वाक्य ते स्वतः इतरांना इतकी वर्षं ऐकवत आले होते. नवी आवाज देणारी ठरलीच होती. साहेबांनी एक काम मात्र पणजोबांवर सोपवलं. राणीसाहेब तुमच्या घरातल्या, तेव्हा तुम्हीच त्यांना सांगा, पुढच्या ध्वनिमुद्रणाच्या आधी.

सांगायचं म्हणून पणजोबा रोज घरी गेले. एकदा सासूबाई गुळण्या करत होत्या, म्हणून राहिलं. एकदा त्या शेजारणीला पुढच्या भागात काय काय होणार ते खालच्या आवाजात सांगत होत्या. त्यांनी बायकोला आतल्या खोलीत गाठलं आणि तूच आईला सांग म्हणाले. बायको दातांची डॉक्टर; माणसाला तोंड उघडायला लावून गप्प बसवायची तिला रोजची सवय. तिनं सगळं ऐकून घेतलं. आईला तूच तिथे नेलंस, आता तूच बाहेर काढ, एवढंच ती म्हणाली आणि दिवा मालवला. भिंतीपलीकडे सासूबाई उद्याच्या संवादांची उजळणी करत होत्या.

अशा रीतीनं ठरलेला दिवस उजाडला आणि सासूबाई ओठांना रंग लावून, जावयाच्या बरोबरीनं, ऑफिसात हजर झाल्या.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे मोठं कपाट. भिंतींना जाड स्पंज, खिडकी नाही, दार असं की लावलं की स्वतःच्या श्वासाचा आवाज मोठा वाटायला लागतो. दाराला आतून कडी, कारण एकदा कुणीतरी ऐन मुद्रणात डोकावलं होतं. समोर दुहेरी काच. काचेअलीकडे ध्वनिमुद्रक बसतो, आणि त्यानं एक बटण दाबलं तरच त्याचं बोलणं आत ऐकू जातं. बाहेर बाकावर एक बाई कागद घेऊन बसली होती. सासूबाईंनी तिला ओळख नसताना नमस्कार केला, नेहमीसारख्या आत गेल्या, कडी लावली, कोट खुर्चीवर टाकला आणि कागदासाठी हात पुढे केला. कागद ठेवायची घोडी रिकामी होती.

"आजचे संवाद कुठायत?" त्यांचा आवाज अलीकडच्या स्पीकरमधून आला.

ध्वनिमुद्रकानं पणजोबांकडे पाहिलं. तुम्ही सांगितलं नाहीत का, असं तो विचारत नव्हता. त्याला कळलं होतं. त्यानं आपली खुर्ची मागे घेतली आणि बटण पणजोबांसमोर मोकळं सोडलं.

पणजोबांनी बटण दाबलं. "राणीचा आवाज बदलतोय."

"कशानं? घसा चांगलाय माझा."

"तसं नाही. राणी आता चाळिशीची झालीय."

"कधीपासून?"

"गेल्या महिन्यापासून."

सासूबाईंनी काचेतून बाकावरच्या बाईकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या कागदांकडे. "कुणी केली चाळिशीची?"

पणजोबांचं बोट सुटलं होतं. ओठ हलले, आत काही गेलं नाही. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "मी. नाहीतर तिला मारावं लागत होतं. तुमच्यासाठीच केलं."

"मग मारायचं होतं, जावईबापू."

त्या मोठ्यानं बोलत नव्हत्या. पण त्या खोलीत कुजबुजलेलंही अलीकडे खणखणीत येतं, आणि बोलणारा थांबेपर्यंत ऐकणाऱ्याला सुटका नसते.

"सहा वर्षं राज्य केलं मी. मेले असते तर रडणारे रडले असते. अख्खं जंगल गोळा झालं असतं. शेवटचं वाक्य काय म्हणायचं तेसुद्धा माझं ठरलं होतं. आता माझ्या नावानं, माझ्या गादीवर ही पोर बसणार. राणी जिवंत, आणि मी मेलेलीसुद्धा नाही. मग मी गेले कुठे?"

पोर चाळीस-बेचाळीसची होती. तिनं कागद उलटे करून ठेवले.

पणजोबांना चार जातींची आयुष्यं तोंडपाठ होती. कुठल्या सरदाराच्या आजीचं नाव कोणत्या झऱ्यावरून पडलं तेही सांगता आलं असतं. बटणावर बोट ठेवून ते उभे राहिले आणि आत फक्त त्यांचा श्वास जात राहिला.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. उठायचं चिन्ह दिसेना. ध्वनिमुद्रकानं खुणेनं विनवलं, त्यांनी डोळे मिटून घेतले. खोली एकच, कडी आतून, आणि दिवसभराचं काम बाहेर खोळंबलेलं. शेवटी साहेब आले. त्यांनी परिस्थिती पाहिली, टोपण चावलं, आणि बटण दाबून फार अदबीनं सांगितलं की पुढच्या भागात शहराच्या वेशीवर एक म्हातारी आहे. माणूस आहे, एल्फ नाही. खेळाडू आला की ती म्हणते, 'दार बंद आहे, उद्या या.' ते काम राणीसाहेबांनी घेतलं तर कंपनीला आनंद होईल.

"नाव काय तिचं?"

साहेबांनी पणजोबांकडे पाहिलं. पणजोबा म्हणाले, वेशीवरची म्हातारी, एवढंच. माणसांच्या पात्रांना आम्ही नावं देत नाही, फार लवकर संपतात. हाही नियम त्यांचाच होता.

सासूबाईंनी पुन्हा डोळे मिटले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, बाकावरची बाई पाहिली, आणि बटण न दाबता म्हणाले, "पणजोबा, द्या हो एक नाव."

पणजोबांनी बटण दाबलं आणि नाव देतो म्हणून कबूल केलं.

"माझं," सासूबाई आतून म्हणाल्या. "माझं स्वतःचं. आणि त्याचा उगम."

"माणसांना उगम..."

"लिहायचा. आणि खरा. पडद्याचं कापड नकोय मला. ते कापड मीच आणलं होतं, विसरलात का?"

ध्वनिमुद्रक खोकल्यासारखा हसला. पणजोबांनी तेही कबूल केलं. काचेपुढे उभं राहून माणूस याहून वेगळं काय करणार.

कडी निघाली. सासूबाई कोट घालून बाहेर आल्या, ओठांचा रंग जागच्या जागी. बाकापाशी थांबल्या. ती बाई उभी राहिली आणि काहीतरी माफीसारखं बोलू लागली, तेवढ्यात सासूबाईंनी हातानंच थांबवलं. राणी 'ऐका' म्हणायच्या आधी श्वास घेत नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. घेतला की समोरच्याला कळतं, तू विचार करत होतीस. मग त्या जिन्यानं खाली उतरल्या. पणजोबा त्यांच्या मागून, दोन पायऱ्या अंतर ठेवून.

रस्त्यातही त्या पुढेच चालत राहिल्या. पाववाल्यानं दुकानातून हाक मारली तर त्यांनी नुसता हात हलवला. पणजोबांनी आत जाऊन निष्कारण दोन पाव घेतले.

घरी पोचल्यावर त्यांना वाटलं होतं की सासूबाई आडव्या होतील आणि आपल्याला जरा आतल्या खोलीत दार लोटून बसता येईल. सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचललं, ते फडक्यानं पुसलं, पणजोबांचा लॅपटॉप स्वतः आणून ठेवला आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी, बरोबर वाटेत, बसल्या.

"लिहा," त्या म्हणाल्या.

पणजोबांनी नाव लिहिलं. खाली 'उगम' असं लिहून ते थांबले. मग त्यांनी विचारलं की एका ओळीत काय सांगाल.

सासूबाई म्हणाल्या की एका ओळीत सांगण्यासारखं असतं तर कुणीही सांगितलं असतं. हे नाव त्यांच्या आईनं ठेवलं नव्हतं. आईला ते आवडायचंही नाही. ठेवलं आत्यानं, आणि आत्याला तो हक्क का मिळाला हे समजायचं तर आधी आत्याचं लग्न मोडलं कसं ते पाहायला हवं, आणि ते मोडलं एका चुलत्यामुळे, जो जहाजावर स्वयंपाकी होता आणि ज्याला सगळं घर घाबरायचं. पणजोबांनी भीत भीत विचारलं, चुलत्याचं घ्यायचं का? घ्या, असं सांगण्यात आलं. चुलत्याचा स्वभाव तसा का झाला ते मग ओघानंच आलं.

घोषणेचा तोच आवाज होता, स्वच्छ, सावकाश. फरक इतकाच की आता दरवेळी नावं येत होती. पणजोबांच्या बोटांना एल्फांची सवय. त्यांना वाटलं होतं, माणसाचं काम चटकन होईल. तहान लागली तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण वाटेत खुर्ची होती आणि गोष्ट ऐन रंगात होती, म्हणून ते पुन्हा टेकले. मध्येच त्यांनी तारखा जुळत नसल्याचं दाखवून दिलं. सासूबाई म्हणाल्या की तारखा जुळत नाहीत म्हणूनच तर भांडण झालं, तेही लिहा.

बायको दवाखान्यातून आली. तिनं चपला काढल्या, आईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या न खाल्लेल्या पावांकडे पाहिलं, आणि दोघांना वळसा घालून आत गेली. खिडकीत उजेड कमी झाला होता. पणजोबांनी उठून दिवा लावायचा म्हटलं तर सासूबाईंनी बसल्या जागेवरून हात लांब करून तो लावला.

"कुठवर आलो होतो?" त्यांनी विचारलं.

पणजोबांनी लिहिलेलं वर सरकवून पाहिलं. पानं भरपूर झाली होती, आणि सासूबाई अजून जन्मल्या नव्हत्या.